सुकती, आवणी, पालेमोड : पालघरच्या बोलींचा आढावा

मालवणीला 'वस्त्रहरण' मिळाले, मराठवाड्याला 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मिळाले, खानदेशाला बहिणाबाई मिळाल्या. पालघरच्या वाट्याला असे कोणी आले नाही. त्यामुळे मुंबईला खेटून असलेल्या या जिल्ह्याचे बोलणे उरलेल्या महाराष्ट्राच्या कानावर जवळपास पडलेलेच नाही. फार तर कोळीगीत म्हणून काही पडले, तर ते वेसावे-वरळीकडचे. रेडिओने आणि वरातीच्या बँडने पोहोचवलेले ते बोलणे ऐकून सातपाटीचा मांगेला मच्छीमार आपण असे बोलत नाही, हे सांगत बसत नाही, एवढेच.

अशा बोलीवर लिहायला बसले की संपादकांपासून वाचकांपर्यंत सगळ्यांची एकच अपेक्षा असते : काही झणझणीत शब्द द्या, चार शिव्या, दोन म्हणी, एखादा द्व्यर्थी वाक्प्रचार. मालवणीच्या लोकप्रियतेने ही सवय लावली. बोली म्हणजे गंमत, आणि गंमत म्हणजे शिवी! पालघरमध्ये शिव्यांची टंचाई नाही, पण इथल्या बोलींचा खरा रंग तिथे नाही. तो कामाच्या शब्दांत आहे. भरतीचे वेळापत्रक, भाताच्या रोपाचे वय, सावकाराच्या कर्जाचे प्रकार, घोळीच्या पोटातली पिशवी, या प्रत्येकाला इथे स्वतःचे नाव आहे, आणि त्या नावामागे कोणाची तरी रोजीरोटी, कोणाची तरी गुलामी उभी आहे.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा असे आठ तालुके. किनाऱ्यावर मांगेले, वैती, माच्छी, भंडारी; किनाऱ्यालगतच्या वाड्यांत वाडवळ; वसईत सामवेदी, कुपारी, आगरी; रेल्वेच्या पूर्वेला वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, ठाकूर; उत्तरेला गुजरातच्या सीमेवर धोडी आणि दुबळे. बंदरावरून निघून मोखाड्याच्या डोंगरात पोहोचेपर्यंत शंभरेक किलोमीटरमध्ये बोलण्याचा सूर चार-पाच वेळा बदलतो. म्हणून 'पालघरची बोली' असा एकवचनी शब्द वापरणाऱ्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही.

या बोलींची नोंद कोणी घेतलीच नाही, असे मात्र नाही. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या जातीजमातींची वर्णने आहेत. त्यानंतर ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला. मराठीचा हा खंड स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने तयार केला आणि त्यात वाडवळ, फुडगी, सामवेदी, वारली, कातकरी, कोळी असे वेगवेगळे मथळे आहेत. शतकभराने गणेश देवी यांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली 2013 मध्ये पद्मगंधा प्रकाशनाने काढला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित होते, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे.

तरी जुन्या सर्वेक्षणाची एक मर्यादा अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाही. ग्रिअर्सनने प्रत्येक बोलीत मुख्यतः एकच मजकूर उतरवून घेतला : बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट. तुलनेसाठी ती सोयीची होती. विभक्ती कळते, क्रियापद कळते, 'दोन मुलगे होते' हे दोनशे ठिकाणी कसे म्हणतात ते कळते. पण त्या गोष्टीत डुकरे आहेत, शेंगा आहेत, पुष्ट वासरू आहे. भरती नाही, आवणी नाही, डोल नाही, राब नाही. मांगेल्याला जे बोलण्यासाठी बोली लागते, नेमके तेच त्याला कोणी विचारले नाही. शिवाय मथळे जातींचे. सामवेदी बोली (तिला कादोडी असेही म्हणतात) वसईतले सामवेदी ख्रिस्ती बोलतात आणि सामवेदी ब्राह्मणही बोलतात. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये ती परत जिंकली. मधल्या दोन शतकांत घरांचे धर्म बदलले, पण बोली एकच राहिली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच परिसरातले.

आता थोडे ध्वनींविषयी, कारण बाहेरच्या माणसाला पहिला धक्का तिथेच बसतो. वाडवळी आणि सामवेदीत 'स'चा 'ह' होतो आणि 'च', 'छ'चा 'स' होतो. सासू 'हाहू' होते, सात 'हात' होतात, छोकरा 'सोकरा' होतो आणि चार-पाच हे 'सार-पास'. दोन्ही बदल एकाच तोंडात असले की गंमत होते : जागा रिकामी झाली म्हणून शेजारचा ध्वनी तिथे राहायला आला. सामवेदीत पुल्लिंगी नामे ओकारान्त असतात, म्हणजे 'सोकरो', 'घोडो'. किनाऱ्यावर 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' सर्रास, म्हणून डोळा 'डोला' आणि पाणी 'पानी'. शाळेत मास्तरांनी या 'ल'वरून ज्यांची टर उडवली, अशा तीन पिढ्या या जिल्ह्यात आहेत.

'ही गुजरातीची भेसळ आहे' असे शेरे वारंवार ऐकू येतात. सुरतेकडच्या बोलण्यातही सासू 'हाहू'च होते, हे खरे. ओकारान्त नामेही गुजरातीत आहेत. पण ती मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीतही आहेत, तिथे कोणी भेसळ म्हणत नाही. दमणपासून मुंबईपर्यंतचा हा किनारा राज्यांच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वी एकच व्यवहाराचा पट्टा होता. चिंचणीला सापडलेले राष्ट्रकूट काळातले ताम्रपट याचा उत्तम पुरावा आहेत. इसवी सन 926 च्या ताम्रपटात संजाणच्या मंडलाचा कारभार पाहणारा एक अरब अधिकारी येतो. त्याचे नाव मुहम्मद, आणि ताम्रपटात ते 'मधुमती' असे लिहिले आहे. परका शब्द आला की त्याला आपल्या जिभेचा आकार द्यायचा, ही इथली रीत तारापूरच्या अणुभट्टीहून हजारभर वर्षांनी जुनी आहे.

समुद्राच्या शब्दांपाशी थांबायलाच हवे, कारण सर्वांत श्रीमंत कोठार तिथे आहे. प्रमाण मराठीला भरती आणि ओहोटी एवढे दोनच शब्द पुरतात. मच्छीमाराला ते पुरत नाहीत. ओहोटी त्याच्यासाठी 'सुकती'. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला जोर असतो ते 'उधाण', अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावते तो 'भांग'. यातला उधाण शब्द मराठीने उचलला, आनंदालाही उधाण आले. भांग मात्र किनाऱ्यावरच राहिला आणि इतरांच्या लेखी तो केसांत किंवा शिवरात्रीच्या पेल्यात. डोल जाळ्याच्या धंद्यात हा फरक पोटाचा फरक आहे. डोल म्हणजे खुंटांना बांधलेले मोठे पिशवीसारखे जाळे, पाण्याच्या ओढीवर चालणारे. उधाणाला ओढ असते, म्हावरा पिशवीत येतो. भांगात ओढ नसते, जाळे रिकामे लोंबते. म्हणून तिथी पाहिल्याशिवाय समुद्रातले वेळापत्रक ठरत नाही, मग घर हिंदू असो की ख्रिस्ती.

डोलीचे खुंट समुद्रात जिथे रोवायचे ती जागा म्हणजे 'कव'. हा शब्द शब्दकोशात शोधण्यापेक्षा मच्छीमार संस्थांच्या तक्रार अर्जांत शोधावा, तिथे तो पानोपानी सापडेल. वसई-उत्तनकडच्या मच्छीमारांनी उत्तरेला कवी मारल्या आणि त्यामुळे दालदीवाल्यांना जाळी सोडायला जागा उरली नाही, हा वाद पालघरच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे चालू आहे. दालदी म्हणजे पाण्यात भिंतीसारखे सोडायचे जाळे. सातपाटीचे नाव ज्या सरंग्यामुळे, म्हणजे पापलेटामुळे गाजले, तो या जाळ्याने धरला जातो. एका शब्दावरून दोन तालुक्यांत भांडण पेटते तेव्हा तो शब्द जिवंत आहे, एवढे नक्की.

असाच एक शब्द 2021 च्या ऑगस्टमध्ये एकदम वर्तमानपत्रांत आला. मुरब्याच्या एका बोटीला वाढवणच्या समुद्रात दीडशेच्या आसपास घोळ मासे लागले आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये आले. पैसे मांसाचे नव्हते, 'बोता'चे होते. बोत म्हणजे घोळीच्या पोटातली हवेची पिशवी. ती वाळवून परदेशी जाते, औषधांत आणि शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या धाग्यांत तिचा उपयोग होतो असे सांगतात. बातमीदारांनी दोन दिवस 'ब्लॅडर' लिहिले, मग त्यांनाही 'बोत' लिहावे लागले, कारण ज्यांना विचारत होते ती माणसे दुसरे काही म्हणतच नव्हती.

किनाऱ्यावरच्या बायकांचे शब्द मात्र कमी नोंदले गेले, बाजाराची सगळी भाषा त्यांची असूनही. मासे वजनावर जाण्याआधी ते 'वाट्या'वर आणि 'कोडी'वर जात. वाटा म्हणजे डोळ्यांनी मापलेला ढीग, कोडी म्हणजे वीस. बोंबील वाळतात त्या बांबूच्या आडव्या-उभ्या मांडणीला 'वलांडी' म्हणतात. जवळा वेगळा, करंदी वेगळी, कोलीम वेगळा. शहरातल्या ताटात या तिघांचे एकच 'सुकट' होते. चिवणी, निवट्या, खाजरी, मुशी, वाम, शिंगाळा, मांदेली ही नावे नुसती वाचून दाखवली तरी ज्याला कळायचे त्याच्या तोंडाला पाणी सुटते.

समुद्राला पाठ करून अर्धा तास चालले की वाड्या लागतात. 'वाडी'वरून वाडवळ, ही सरळ व्युत्पत्ती. केळी, नारळ, पानवेली, भाजीपाला. केळवे-माहीमच्या परिसराचे जुने नाव महिकावती. 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केली. तिचा केशवाचार्यांनी लिहिलेला जुना भाग शके 1370 चा, म्हणजे इसवी सन 1448 चा. बिंबराजाबरोबर आलेल्या कुळांची कथा त्यात आहे आणि वाडवळ समाज आपली मुळे तिथे शोधतो. उत्तर कोकणातले इतके जुने मराठी गद्य हाताशी असताना आजच्या वाडवळीशी त्याची बारकाईने तुलना करणारे पुस्तक माझ्या कपाटात नाही. ही उणीव विद्यापीठांना टोचायला हवी.

वाडीतल्या शब्दांत माझा आवडता 'बावखल'. वसईच्या पट्ट्यात समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी गोडे पाणी मिळायचे ते या खोदलेल्या तळ्यांमुळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, खारे पाणी आत शिरू द्यायचे नाही. बावखलावर रहाट, रहाटावर बैल, पाटातून पाणी केळीला. राजेळी केळी सोलून वाळवली की ती 'सुकेळी'. हिवाळ्यात वालाच्या पापड्या, कंद, भाज्या मडक्यात घालून केली की ती 'उकडहंडी'. आज बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या आहेत. शब्द आता पर्यावरणाच्या याचिकांत आणि गृहसंकुलांच्या नावांत भेटतो. मारलेल्या वस्तूचे नाव इमारतीला देण्याची बिल्डर लोकांना काय हौस असते, कळत नाही.

वाड्या आणि रेल्वे ओलांडली की भाताचे राज्य. वारली बोली एकच नाही. दावर, मुर्डे, निहिरी अशा पोटशाखा आहेत, आणि डहाणूतला वारली जव्हारच्या वारल्याच्या बोलण्यातला फरक लगेच ओळखतो. सगळ्याला 'आखा', चांगल्याला 'बेस', 'मला'ला 'मना' हे शब्द पाहुण्याच्याही लवकर लक्षात येतात. पण खरी वीण शेतीच्या वर्षात आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन भाजायची, हा 'राब'. पावसाबरोबर त्या राबात बी पेरायचे, रोप हातभर झाले की उपटून चिखलात लावायचे, ही 'आवणी'. लवकर येणारे भात 'हळवे', उशिरा येणारे 'गरवे', मधले 'निमगरवे'. डोंगरउताराची जमीन 'वरकस', तिच्यावर नागली आणि वरई. वाड्याच्या कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण जुनी माणसे त्याला 'झिनी' म्हणतात.

हे शब्द ठाण्या-रायगडातही ऐकू येतील. वारल्यांचे खास ते त्यांच्या देवघरात आहेत. धान्याची देवी 'कणसरी', पावसाचा 'नारनदेव', घरातला 'हिरवा', लग्नाच्या चौकातली 'पालघट'. लग्न लावते ती 'धवलेरी', म्हणजे ते अधिकार बाईकडे. 'तारपा' भोपळ्याचा, 'घांगळी' दोन भोपळ्यांची आणि तारेची. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक उमटतो त्याला बाहेरचे लोक चित्र म्हणतात. यशोधरा दालमिया यांनी वारली कलेवरच्या आपल्या 1988 च्या पुस्तकासाठी गावोगाव फिरून नोंदी केल्या, त्यांत सवासिणी चौक 'लिहितात' असे येते. हजारो टीशर्ट आणि चहाच्या कपांवर छापली गेलेली ही कला आपल्या माणसांच्या बोलण्यात लेखन आहे. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले. चित्र जगभर गेले, त्याचे क्रियापद डहाणूतच राहिले.

दुसरा गट अंधाराचा आहे, आणि तो 'रंगीत शब्दां'च्या यादीत कोणी घालत नाही. घालायला हवा. पावसाळ्यात खायला नाही म्हणून सावकाराकडून उचललेले धान्य म्हणजे 'खावटी'. ते सुगीला परत करायचे ते सवाईने किंवा दिडीने. झाडाचा पाला निघण्याच्या दिवसांत घेतलेले, पुढच्या पिकावर किंवा गवतावर बेतलेले कर्ज 'पालेमोड'. हा शब्द आदिवासींच्या कर्जविषयक कायद्याच्या चर्चेतही शिरला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे म्हणजे 'वेठ'. आणि लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघेही आयुष्यभर धन्याचे होतात, तो 'लग्नगडी'. गोदावरी परुळेकर 1945 मध्ये तलासरी-डहाणूत गेल्या, वारल्यांचा लढा उभा राहिला, वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडल्या. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक राजकीय इतिहास म्हणून वाचले जाते. ते या शब्दांचा जिवंत कोश म्हणूनही वाचावे.

लग्नगडी संपला, खावटी सरकारी योजनेचे नाव झाली. त्यांच्या जागी एक नवा वाक्प्रचार रुळला आहे, आणि मला तो या जिल्ह्यातला सर्वांत बोचरा वाटतो. दिवाळी झाली, भात झोडून झाले की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे पोरांबाळांसह वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. कुठे चाललात म्हटले की उत्तर येते, 'जगायला'. कामाला नाही, कमवायला नाही, जगायला. गाव म्हणजे जिथे आपण असतो ती जागा, आणि जगणे ते दुसरीकडे.

याच मातीतून एक शब्द मात्र सुखाने देशभर गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावर न्यायची, असे ठरले. पाड्यातल्या अंगणात भरते ती 'अंगणवाडी'. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी माळावर भरते ती 'कुरणशाळा'. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये आली आणि अंगणवाडी हा शब्द केरळपासून आसामपर्यंत पोहोचला. कुरणशाळा कोसबाडलाच राहिली. अधिकाऱ्यांना अंगण कळले, कुरण कळले नाही.

बोईसर-तारापूरबद्दल थोडक्यात. इथले अणुवीज केंद्र 1969 च्या ऑक्टोबरात सुरू झाले, शेजारी औद्योगिक वसाहत आली, देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. इथली व्यवहाराची भाषा आता हिंदी आहे, आणि त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या गेटवर ओडिया, भोजपुरी आणि वारली बोलणाऱ्यांना काहीतरी समान लागणारच. अणुवीज केंद्राचे 'टॅप्स' झाले, एका चित्रपटगृहावरून अख्खा परिसर 'चित्रालय' झाला. मधुमतीची परंपरा चालू आहे. झळ पोहोचली ती दुसरीकडे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. मच्छीमार किनाऱ्यापासून दूर वसवला की त्याच्या तोंडातली सुकती पाच वर्षांत बिनकामाची होते. नातवाला ती सांगायला जिवंत सुकती हवी.

2013 च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हा पालघर मुंबईचे उपनगर व्हायला सुरुवात झाली. आता वाढवणला बंदर होऊ घातले आहे. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली, खर्चाचा अंदाज 76 हजार कोटींच्या वर. बंदर व्हावे की नाही हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या समुद्रात घोळ लागली तो हाच, आणि कवी, दालदी, भांग, बोत हे शब्द ज्या पाण्यावर चालतात तेही हेच. बोली वाचवायची म्हणजे वयोवृद्धांकडून पाचशे शब्द लिहून घ्यायचे, असे आपण समजतो. शब्द घेता येतील. त्यांना काम देता येणार नाही.

जनगणनेकडूनही फार आशा ठेवू नये. दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली मातृभाषा छापील तक्त्यांत स्वतंत्र दिसत नाही, आणि वाडवळ किंवा मांगेला माणूस गणनेच्या वेळी 'मराठी' असेच सांगतो. तो खोटे बोलत नाही. घरात वाडवळी आणि अर्जावर मराठी, ही त्याच्या लेखी एकच भाषा आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जो निधी येईल तो ज्ञानेश्वरी-लीळाचरित्राकडे जाणारच, जावाच. त्यातला थोडा तरी पाड्यांकडे आणि बंदरांकडे वळला पाहिजे, कारण अभिजाततेचा दावा ज्या सातत्यावर उभा आहे ते सातत्य पोथीबाहेर याच माणसांच्या तोंडी आहे.

माझे मत स्पष्ट आहे. इथल्या बोलींची पुढची नोंद जातीच्या मथळ्यांखाली नको, धंद्याच्या मथळ्यांखाली हवी. डोल एक मथळा, आवणी दुसरा, वाडी तिसरा, लग्नाचा चौक चौथा, वीटभट्टी पाचवा. प्रत्येक काम चालू असताना, ते करणाऱ्या माणसाच्या तोंडून, आवाजासह. नुसता शब्द आणि अर्थ लिहिला तर 'कव म्हणजे समुद्रातील जागा' एवढेच उरेल आणि ती जागा कशी ठरते, कोणाची असते, कशावरून मोडते हे सगळे गळून जाईल.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. पालघरच्या दांडेकर महाविद्यालयापासून जव्हार-डहाणूच्या महाविद्यालयांपर्यंत मराठीच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी यांतला एकतरी धंदा अजून चालतो किंवा आठवणीत आहे. प्रकल्पासाठी दरवर्षी कुठल्या तरी कादंबरीतली स्त्रीपात्रे शोधण्याऐवजी त्यांनी आजीचा आवाज फोनवर भरून आणावा : वलांडी कशी बांधतात, हळवे आणि गरवे कसे ओळखतात, धवलेरी काय म्हणते. प्राध्यापकांनी त्याला गुण द्यावेत, ग्रंथालयाने तो जपावा. आणि तुम्ही इथले वाचक असाल, घरी 'हाहू' म्हणत असाल, तर पुढच्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात आपल्या बोलीचे नाव लिहायला सांगा. तो रकाना तुमचाच आहे.